तुरीच्या तोंडातली कडी

१२ जानेवारी, रविवार

बाबा म्हणजे कमाल आहेत! सकाळी मी सोयाबीन काढलेल्या वावरात भुसा-कुटाराची पोती मांडली, त्यांवर अ, क, ग, म अशी अक्षरं रंगवली आणि तुरीला या पोत्यापासून त्या पोत्याकडे चालवत होते. तर बाबा बांधावरून विचारतात, ‘‘घोडी वाचाले शिकली का वं?’’

नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत आम्हाला घोड्यावर असंच शिकवलं होतं — अक्षरापाशी वळायचं, अक्षरापाशी थांबायचं. याला ड्रेसाज म्हणतात, असं मी सांगितलं. बाबांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि पिचकन थुंकले.

तुरी साडेतीन वर्षांची. तुरीच्या वावरात जन्मली म्हणून तुरी. बाबांची जुनी घोडी थकली, आता लग्नाच्या वराती हिनंच करायच्या. पहिली ९ फेब्रुवारीला, महागावला. भांडण एवढंच, की लगामाची तोंडातली कडी कोणती? बाबांची काटेरी आहे. आतून दाते, ओढलं की रक्त. मी म्हटलं, मी जिवंत असताना नाही! शेवटी ठरलं — नऊ तारखेच्या आत तुरी बँडसमोर साध्या कडीवर शांत राहिली तर ठीक, नाहीतर काटे.

१४ जानेवारी

तुरीच्या तोंडाचं माप घ्यायला निंबाची काडी आडवी धरली. बाईनं मापच खाल्लं!

१९ जानेवारी, रविवार

महागावला पूनमसिंगकडे गेले. जुने लगाम, खोगीर, बैलांचे घुंगरू, सगळं विकतो. तासभर ज्ञान पाजलं आणि दोन कड्या गळ्यात मारल्या, एक बारीक, एक जाड. बारीक नाजूक दिसली म्हणून आधी तीच लावली. चूक माझीच. बारीक कडी जिभेत तारेसारखी रुतते. तुरीनं अशी मान झटकली की मी थेट ‘ग’च्या पोत्यावर! बाबा धावत आले, आधी घोडीकडे. मग मला म्हणाले, अक्षर तं बरोबर गाठलं.

कंबर दुखते आहे.

२० जानेवारी

जाड कडीला आईनं गूळ चोळून दिला. उपाय लागू पडला. आता कडी तोंडात घेते, पण सोडत नाही! शाळेत पोचायला उशीर, माझ्या वर्गातली पोरं मोकाट. हेडमास्तरांना सांगितलं, पाहुणे आले होते.

२८ जानेवारी

दोन्ही बाजूंनी गोल फिरते. आज मी लगाम खेचलाच नाही. पाठ ताठ केली, श्वास सोडला, आणि ती ‘क’ला थांबली. चारही पाय सरळ! मला रडू आलं. बाबांना हाक मारून पुन्हा करून दाखवलं.

‘‘तुह्यासाठी थांबते,’’ म्हणाले. ‘‘मी तं खाली असतो.’’

खवचट! वरातीत नवरदेव वर आणि बाबा खाली, घोडीचं तोंड धरून, हे काय मला माहीत नाही? हरायला लागले म्हणून कुरकुर, दुसरं काय.

२ फेब्रुवारी, रविवार

गावातल्या बँडवाल्यांना वावरात बोलावलं. ढोल वाजला. तुरीचे कान उभे, अंगभर काटा, पण जागची हलली नाही. मी वर बसून राणीसारखी मिरवले.

मग बाबांची पाळी, खाली धरून चालवायची. दहा पावलं छान गेली. ताशा कडाडला, तुरीनं मान उचलली आणि लगाम बाबांच्या हातातून निसटला. पळाली नाही गुणाची, ‘म’पाशी जाऊन आपली आपण उभी राहिली. मी ओरडले, ‘‘बाबा, नापास कोण झालं?’’ बँडवालेही हसले.

बाबा तडक घरी निघून गेले. संध्याकाळी काटेरी कडीला तेल लावत बसले होते. या वयात एवढा रुसवा! मीही बोलत नाही जा.

३ फेब्रुवारी

ती कडी विहिरीत फेकायला निघाले, तर बाबा आडवे आले. मी भांडायला तोंड उघडलं. त्यांनी उजवा हात पुढे केला. धर, म्हणाले. धरला. मूठ वळतच नाही. दिवाळीपासून असं आहे. आईलाही सांगितलं नाही. आणि काल मी चारचौघांत हसले.

‘‘काट्यानं कमी ओढावं लागते,’’ म्हणाले. ‘‘मले ओढता येत नाही आता. तिले न ओढता थांबाले शिकव. माह्यासाठी.’’

शाळेत सहा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला.