तोंडाचे चार वाफे

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
दि. ४ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि.

ताजी बातमी आधी. राजकुमारजींनी होकार थांबवला आहे. मध्यस्थ सुदर्शनमामांनी काल संध्याकाळी घरी येऊन स्वतः सांगितलं. सम्यकला आपली मनस्विनी पसंत आहे, तिला तो पसंत आहे. अडलंय ते तुमच्या तोंडावर. रविवारी कुल्फीचा पहिला घास घेताना तुम्ही जे तोंड केलंत, ते राजकुमारजी विसरू शकत नाहीत म्हणे. त्याहून जास्त ते काही बोलत नाहीत.

मी शेजारीच होते. सम्यकला कंपनीत कायम केल्याचं ते सांगत होते आणि नेमका तेव्हाच तुमचा डावा डोळा मिटला, ओठ कानाकडे गेला, नाकातून बैलासारखा आवाज आला. पोराच्या नोकरीला तुम्ही नाक मुरडलंत, असंच त्यांना वाटलं असणार. खरं कारण मला ठाऊक आहे, तुमच्या दातांना गार सोसत नाही. दिवाळीत माझ्याकडे फ्रिजचं पाणी पिताना हेच तोंड झालं होतं.

सरळ सांगून टाकावं, तर दहाच मिनिटं आधी तुम्ही बत्तिशी दाखवून ऐकवलं होतंत की बासष्टाव्या वर्षी ऊस दातानं सोलतो आणि दातांचा डॉक्टर फक्त पाटीवर पाहिलाय. आता मुलीचा बाप थापाड्या ठरेल. मामांनी ९ मार्चची दुसरी बैठक मिळवली आहे. त्यांच्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे. कुल्फीचा पिढीजात धंदा, त्यामुळे लग्न ठरलं की दोन्ही बापांनी समोरासमोर बसून अख्खी मलई कुल्फी संपवायची.

म्हणून फकिराच्या जीपमधून चार टूथपेस्ट पाठवते. फोन करत नाही, कारण तुमचा फोन केसरवहिनी उचलतात आणि तोही स्पीकरवर. गोकुळच्या मेडिकलमध्ये उभं राहून मी डब्यांवरचं सगळं बारीक अक्षर वाचलं. तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली, ती कामी आली. निळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियम नायट्रेट आहे. ते दाताची नस शांत करतं, पण दोन ते चार आठवडे मागतं. लाल ट्यूबमधलं स्ट्रॉन्शियम आणि पांढरीतलं आर्जिनिन दाताची बारीक छिद्रं बुजवतात. पांढरी बोटानं चोळली तर लवकर आराम पडतो, असं डब्याचं म्हणणं. हिरवीत स्टॅनस फ्लोराइड आहे. ते छिद्रंही बुजवतं आणि किडीपासूनही राखतं, पण चव खिळा चाखल्यासारखी. एक निवडा आणि तीच नेमानं लावा.

लोभ ठेवावा, ब्रश हलका ठेवावा.
आपली,
विशाखा

कन्नड
दि. ११ फेब्रुवारी

चि. विशूस,
दादाचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

ट्यूब पोचल्या. काय आहे म्हणून फकिरानं विचारलं, मी सांगितलं पिकाचं औषध. तू एक निवडा म्हणालीस, पण नवं बियाणं आलं की शहाणा माणूस सगळं रान एकाच वाणाखाली घालत नाय. तसे मी तोंडाचे चार वाफे पाडले. वर उजवीकडं निळी, वर डावीकडं लाल, खाली उजवीकडं पांढरी, खाली डावीकडं हिरवी. ब्रश चार. मधी बांध म्हणून जीभ.

फेस शेजारच्या वाफ्यात जाऊ नये म्हणून त्या वेळात बोलता येत नाय. कुणी हाक मारली की हातवारे करतो. केसरला वाटलं मी रुसलोय. दोन दिवस तिनं माझ्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं, म्हणून मी अजून खुलासा केला नाय.

रोज एकेका वाफ्याला माठाचं पाणी देऊन बघतो. खालचा उजवा बरा म्हणावा. बाकी तिन्हीकडं बोंब, आणि खालच्या डावीकडं बोंब अधिक खिळा.

पण एक लई आनंदाची गोष्ट सापडली. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे तेच आपलं तेरा-शून्य-पंचेचाळीस खत! आल्याच्या पिकावर फवारायला आणलेलं अख्खं पोतं शेडमध्ये पडून हाय. मग ट्यूबमधल्या बोटभर मलमावर महिना कशाला काढायचा? चिमूटभर तेलात कालवून लावावं म्हणतो. सत्यमच्या कृषी केंद्रात प्रमाण विचारलं. तो म्हणाला, पंधरा लिटरच्या पंपाला शंभर ग्रॅम. तोंड किती लिटरचं धरायचं, ते त्याला सांगता येईना. तू कळव.

तुझा,
मोतीरामदादा

चिकलठाणा
दि. १२ फेब्रुवारी

ती. दादांस,
जयभीम. घाईत लिहिते, फकिरा बाहेर हॉर्न वाजवतोय.

पोत्याला हात लावू नका! ते खत आहे. पानावर मारायचं, दातावर नाही. तसं तर फटाक्याच्या दारूतही पोटॅशियम नायट्रेट असतं, आणि लाल उजेडासाठी स्ट्रॉन्शियम. म्हणून काय फुलबाजी चावणार? चार वाफ्यांचा प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत कोणी केला असता तर मी त्याला ॲप्रनसकट बाहेर काढलं असतं. तोंडात लाळ एकच असते, दादा. तुमच्या भाषेत सांगते, पाटाचं पाणी चारही वाफ्यांतून फिरतंय.

आधी डॉक्टरला दाखवा. दात किडलेला किंवा चिरलेला असेल तर कुठलीच ट्यूब उपयोगाची नाही. जाताना तुमचा ब्रशही न्या. आठ दिवसांत त्याचे केस वादळात सापडल्यासारखे होतात, ते त्यांना बघू दे.

आणि हे हसण्यावारी नेऊ नका. मनस्विनीचा फोन आला होता. बाबांना सम्यक आवडला नाही का, असं तिनं मला विचारलं. तसं असेल तर मीच नाही म्हणून टाकते, असंही म्हणाली. आवाज धड नव्हता तिचा.

लोभ आहे म्हणूनच ओरडते.
विशाखा

कन्नड
दि. १ मार्च

चि. विशूस,
जयभीम व आशीर्वाद.

गेलो एकदाचा. डॉक्टरीणबाईंनी तोंड बघितलं, मग ब्रश बघितला, मग हा भांड्यांचा आहे का म्हणून विचारलं. कीड नाय, चीर नाय. चाळीस वर्षं जोर लावून घासल्यानं हिरड्या सरकल्यात आणि दाताची मुळं उघडी पडलीत. मऊ ब्रश, रोज दोन वेळा, ट्यूब एकच. कोणतीही चालेल, पण रोज बदलू नका, म्हणाल्या. मी निळी धरली. पोतं घरात असल्यानं तिच्याशी जरा ओळख वाटते.

आज पंधरा दिवस झाले. माठाच्या पाण्याचं काहीच वाटत नाय. बाजारात जाऊन केशकर्तनालयात आरशासमोर बसून कुल्फी खाल्ली. डोळा उघडा राहिला. ओठ अजून थोडा कानाकडं जातो.

घरात मात्र बिंग फुटलं. केसरला शेडमध्ये चार ब्रश सापडले आणि बाकीचे तिघं कोण, असं तिनं विचारलं. मग तिला आणि मनस्विनीला सगळं सांगावं लागलं. पोरगी आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, बाबा, मला वाटलं तुम्हाला तो खरंच नको आहे. विशू, दात दुखला नव्हता एवढं ते लागलं.

म्हणून ठरवलंय. कुल्फी जमो न जमो, राजकुमारजींना खरं सांगणार. थापाड्या म्हणाले तर म्हणू देत. आधी सांगू का कुल्फीनंतर, एवढं तू कळव.

तुझा,
दादा

चिकलठाणा
दि. ६ मार्च

ती. दादांस,
सविनय जयभीम.

बसून वाचा. काल गोकुळच्या दुकानात गेले, तर डोक्याला रुमाल गुंडाळलेला एक माणूस हळू आवाजात लाल ट्यूब मागत होता. गोकुळनं सवयीनं मोठ्यानं विचारलं, दात शिवशिवणारीच ना, राजकुमारशेठ? रुमाल खाली आला. तेच!

सहा वर्षांपासून त्यांचेही दात गार सोसत नाहीत. त्यांच्या दुकानाजवळ गुलमंडीत सगळे ओळखतात. कुल्फीवाल्यानं ही ट्यूब घेतली तर धंद्याची शोभा होईल, म्हणून इतक्या लांब येतात. त्या रविवारी बोलता बोलता पहिला घास त्यांनी घेतला, मी तेव्हा तुमच्याकडे बघत होते. त्यांचा डावा डोळा मिटला, ओठ कानाकडे गेला, आणि पाठोपाठ तुमचाही! दादा, त्यांना नोकरीबिकरीचं काहीच नव्हतं. त्यांना वाटलं, होणारा व्याही आपल्याच घरात बसून आपली नक्कल करतोय.

मी तुमचं सगळं सांगून टाकलं, चार वाफ्यांसकट. ते औषधांच्या कपाटाला टेकून हसत बसले. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, निळी किती दिवसांत लागू पडते.

होकार आहे. रीत मात्र सुटणार नाही. रविवारी अकरा वाजता कुल्फी येईल. दोघांनी पहिला घास एकदमच घ्यायचा, म्हणजे कोणी कोणाचं तोंड बघायला मोकळा राहणार नाही, असा त्यांचा निरोप आहे.

लोभ आता दोन्ही घरांवर वाटून ठेवावा.
विशाखा

कन्नड
दि. ७ मार्च

चि. विशूस,
जयभीम.

पत्र केसरनं मोठ्यानं वाचलं, तिसऱ्या ओळीनंतर हशात कुणालाच पुढचं ऐकू आलं नाय. रविवारी फकिराच्या जीपनं दहापर्यंत पोचतो. व्याह्यांना सांग, माझी निळी ट्यूब बरोबर आणतोय. मनस्विनीला मोबाइल पर्समध्येच ठेवायला सांगितलंय, पण ती ऐकेल असं वाटत नाय. जीपमध्ये एक पोतंही असेल, घाबरू नकोस. त्यात शेतातलं ताजं आलं हाय, खत नाय. कुल्फी संपली की दोघांना कडक चहा लागणार.

तुझा,
दादा