नाव घेत नाही ती

३ मार्च, सोमवार

तो डॉक्टर गाढव आहे!

गोदावरीला दाखवायला घेऊन गेलो होतो. विसरणं फार वाढलंय तिचं. गॅसवर दूध ठेवते आणि फुलं तोडायला निघून जाते. परवा तर कुकर लावलाच नव्हता आणि शिट्टीची वाट बघत ओट्याशी उभी!

डॉक्टर पोरगेलासा, चकचकीत. मराठी येतं त्याला, पण प्रत्येक वाक्य इंग्रजीत जाऊन येतं. वार विचारला, हिनं बरोबर सांगितला. गाव विचारलं, नांदेड म्हणाली. मग माझ्याकडं बोट करून, "आजी, हे कोण?" ही म्हणाली, "घरचे." "नाव काय ह्यांचं?"

हिनं पदर सारखा केला. मान खाली घातली. हसली.

त्यानं फुली मारली. "शी कान्ट रिकॉल हजबंड्स नेम."

अरे शहाण्या, लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं कधी माझं नाव घेतलेलं नाही! आमच्या पिढीतल्या बायका घेत नाहीत. मेल्या तरी घेणार नाहीत. मी त्याला त्याच्याच भाषेत समजवायला गेलो. जन्मभर उमरीच्या शाळेत इंग्रजी शिकवलंय मी. "डॉक्टर, इट इज लाइक—" आणि पुढं काही सुचेना! कशासारखं सांगू? त्यांच्यात असलं काही असेल तर ना! तोंड उघडं टाकून बसलो. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्यालाही तपासायला पाहिजे.

४ मार्च

रात्रभर चिडचिड. तो डॉक्टर एक गोष्ट सरळ सांगेल तर शपथ. "इट्स लाइक अ वीक नेटवर्क, अंकल. टॉवर आहे, पण रेंज येते-जाते." मग म्हणे, "लाइक आफ्टरशॉक्स. छोटे छोटे धक्के बसत राहतील." आणि हे कुणाला सांगतो? हिचं माहेर निलंगा. किल्लारीच्या भूकंपात हिची मावशी भिंतीखाली गेली. आफ्टरशॉक म्हणजे काय ते हा आम्हाला शिकवणार!

इंग्रजीला ही खोडच आहे. माणूस शांत, तर काकडीसारखा. कामसू, तर मधमाशीसारखा. पांढरं, तर स्नोसारखं. ॲज व्हाइट ॲज स्नो! उमरीच्या पोरांनी बर्फ बघितलेला तो रसवंतीवरचा, पोत्यात गुंडाळलेला, भुसा चिकटलेला. तरी पोरं घोकायची. परीक्षेत यायचं ना.

मला कशासारखं काय ते नकोच होतं. मला एवढंच पाहिजे होतं, ही मला ओळखत राहील का? तेवढं सोडून सगळं सांगितलं त्यानं.

९ मार्च, रविवार

अनिमेषचा फोन, हैदराबादहून. चिरंजीव डॉक्टरशी परस्पर बोलून मोकळे. "बाबा, आई आता लहान मुलासारखी झालीय असं समजा."

लहान मूल रोज एक नवा शब्द शिकतं, म्हणालो. ही रोज एक टाकते. आणि समजायचं मी! तू ये, चार दिवस राहा, मग समज. ठेवून दिला फोन. नंतर वाईट वाटलं, पण परत केला नाही.

१० मार्च

आज मला "अहो" म्हणून हाक मारली. बरं वाटलं. मग दूधवाल्यालाही तशीच मारली.

१६ मार्च, रविवार

जिंकलो!

वरच्या मजल्यावरच्या शरणम्मा आल्या होत्या. उदगीरच्या. फुलीची गोष्ट त्यांना सांगितली, तर कपाळावर हात मारला. "येडा हाय का काय तो डॉक्टर! बाई सरळ नाव कशी घेईल ओ सर? उखाणा घ्या म्हनायचं की!" आणि तिथंच हिच्यापुढं बसल्या. "वैनी, घ्या बरं नाव. सर ऐकायलेत."

गोदावरी लाजली! या वयात. पदर सारखा केला आणि न अडखळता म्हणाली—

निलंग्याची लेक मी, उमरीला आले नांदायला,
वसंतरावांचं नाव घेते, पाट लागले मांडायला.

लग्नातला उखाणा. एक शब्द इकडचा तिकडं नाही! शरणम्मांनी टाळी वाजवली. मी आत जाऊन तोंड धुतलं. रडलो, लपवायचं कुणापासून इथं?

ओळखते. लाजते म्हणून नाव घेत नाही. लाजते ती मलाच.

२४ मार्च, सोमवार

गेलो डॉक्टरकडं. मोठ्या तोऱ्यात गेलो. फुली खोडा म्हणालो. उखाणा म्हणून दाखवला, अर्थासकट.

त्यानं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात, "दॅट्स लाइक अ रिंगटोन, अंकल. फोन वाजतो. कुणी उचललाय असं नाही."

मेल्याची ही एकच उपमा मला लगेच कळली. रिक्षात गोदावरी विचारत होती, आपण कुठं गेलो होतो? मी तोंड फिरवून बसलो. राग डॉक्टरचा, निघाला तिच्यावर.

२५ मार्च

तिला म्हणालो, उखाणा घे. घेतला. थोड्या वेळानं परत म्हणालो. परत घेतला, तसाच, त्याच चालीत, तसाच पदर सारखा करून.

आता म्हणायला सांगणार नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. अनिमेष आला नाही, सुट्टी नाही म्हणे. साखरेची गाठी हातात घेऊन गोदावरी म्हणाली, "तुम्ही उंच आहात, तुम्ही बांधा." बांधली. तुम्ही म्हणाली. पण ते कुणालाही म्हणतात.

पदराकडं बघतो मी हल्ली. मला बघून हात पदराला जातो का. सकाळी गेला होता. का वाऱ्यानं सरकला होता, ते कळलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी चहा पिताना गोदावरी म्हणाली, "सगळे नुसते वसंतराव वसंतराव करतात. कोण हो हे वसंतराव?"

नाव घेतलं. सरळ. हात कपबशीला, पदराला नाही.

घरातलेच आहेत, म्हणालो.

"दिसायला कसे आहेत? तुमच्यासारखे?"

हो म्हणालो. साधारण माझ्यासारखेच.