धाकट्याच्या बाटलीतल्या गोळ्या

२६ ऑक्टोबर

नाही, मी घाबरलेलो नाही! डोळ्यांत पाणी आलं ते घशात नळी घातली म्हणून. आंबट पाणी वर येऊन अन्ननलिकेला जखमा झाल्यात म्हणे — मला आणि धाकट्या भावालाही. सायकलदुरुस्तीचं दुकान एक, आता दुखणंही एक. डॉक्टरीणबाई दोन औषधं ताडून बघतायत. दोन्ही पोटातलं आम्ल कमी करणारी — एक जुनं, एक नवं. कुणाला कुठलं, ते त्यांनाही ठाऊक नाही. गोळ्या दिसायला सारख्याच, बाटलीवर नुसता नंबर. एवढा थाट कशाला? चांगली असेल ती द्या आणि मोकळे व्हा.

१ नोव्हेंबर

धाकटा आडवा होऊन घोरतो. मी छातीत जळतं म्हणून उशांना टेकून बसलेला. वर मलाच सांगतो, दादा, जरा धीर धर.

३ नोव्हेंबर

संध्याकाळी तो टायर आणायला गेला. तेवढ्यात गोळ्या बदलल्या. माझ्या त्याच्या बाटलीत, त्याच्या माझ्या. जन्मभर चांगलं ते त्याच्या ताटात वाढलं. एकदा मी घेतलं तर काय बिघडलं?

४ नोव्हेंबर

बिघडलंय. पंक्चर काढताना ठिगळ भलतीकडेच चिकटवलं. धाकटा ताप आहे का म्हणाला. उगाच खेकसलो त्याच्यावर.

१९ नोव्हेंबर

तो नुसता खोकला तरी मी हातातलं काम सोडून बघतो. पण त्याला काही होतच नाही! जळतंय ते मलाच, पहिल्यासारखं. गोळ्या परत बदलाव्यात असं रोज मनात येतं. आणि उद्या गुण आला तर? म्हणून राहतं.

२२ डिसेंबर

पुन्हा नळी. त्याच्या जखमा भरल्या. माझ्या तशाच — एक तर वाढलीय. बाई विचारात पडल्या. तेवढ्यात धाकटा बोलून गेला.

"बाई, चूक माझी. तीन तारखेला सकाळी मी गोळ्यांची अदलाबदल केली. दादाचं कण्हणं ऐकवेना."

सकाळी त्यानं, संध्याकाळी मी. म्हणजे ज्याच्या त्याला परत!

बाईंनी त्याला फैलावर घेतलं. केस पिकले तरी अक्कल नाही म्हणाल्या. औषधांच्या चाचणीतून दोघांची नावं काढून टाकली. तो मान खाली घालून उभा. मी खिडकीबाहेरच्या स्कूटरकडे बघत बसलो.

२३ डिसेंबर

धाकट्याच्या सांगण्यावरून बाईंनी हिशेब लावला — माझ्या बाटलीतल्या गोळ्या त्याला मानवल्या. माझी संध्याकाळ त्या हिशेबात नव्हती. त्याला तेच औषध पुढे चालू. मला दुसरं. त्याचं.

घरी येताना तो खुशीत होता. "आता बघ, तुला पण गुण येईल."

२ जानेवारी

मला गुण आला. आडवा झोपलो.

आज दुकानात धाकटा छाती चोळत होता. माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

याच्यापुढे मी काही लिहिणार नाही.