दुसऱ्या ओळीचा शेवट

अंकल, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्हाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, म्हणूनच बहुधा मराठीत लिहायचा धीर होतोय. आम्ही सिंगापूरला क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये आलो त्या पहिल्या चिनी नववर्षाला तुम्ही शेजारधर्म म्हणून लाल कागदाच्या दोन पट्ट्या स्वतःच्या हाताने लिहून दिल्यात, दाराच्या दोन बाजूंना लावायला, एकेकीवर शुभेच्छेची एकेक ओळ. मी आपली डावीकडून उजवीकडे वाचणारी. पहिली ओळ डावीकडे चिकटवली आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी येते तो तुम्ही दारासमोर कमरेवर हात ठेवून उभे. "तुझं दार उलटं बोलतंय लाह! पहिली ओळ उजवीकडे हवी." मी दमले होते, फटकन म्हणाले, "डेकोरेशनच तर आहे, अंकल." तुमचा चेहरा पडला. अजून आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला आले, तर तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवून चहा दिलात आणि चॉपस्टिकने टेबलावर ठोके देत शिकवायलाच लागलात. डोंगरासमोर नदी हवी, येण्यासमोर जाणं. चिनीत प्रत्येक अक्षराला आपला सूर असतो, ते सूरही तसेच समोरासमोर. इथे सपाट तर तिथे वळलेला. पहिली ओळ वळलेल्या सुरावर संपते, ऐकणारा ताटकळतो. दुसरी सपाट सुरावर येऊन टेकते. शाळेत लघु-गुरू घोकले होते, त्यामुळे मला पटकन कळलं, आणि तुम्ही असे खूश झालात की शोध मीच लावला होता म्हणा ना. मग दर रविवारी अक्षरं, सूर, चहा. "मुलं इंग्लिश शाळेत शिकली, त्यांना हे ऐकू येत नाही. माझं चुकलं तर तू सांगायचं," असं तुम्ही माझ्याकडून वचनच घेतलंत.

चार-पाच वर्षं सांगण्यासारखं काही निघालं नाही. मग एका वर्षी तुम्ही आणलेल्या पट्ट्या मी मोठ्याने वाचल्या. शब्दांच्या जोड्या चोख, पण दुसरी ओळही वळलेल्या सुरावर संपत होती. तुमच्या हातून, आणि तेही शेवटच्या अक्षरात! तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात.

"ओके?"

"एकदम ओके, अंकल," मी म्हणाले आणि लगेच त्या लावून टाकल्या. पुढच्या वर्षभरात तुम्ही आधी आपला मजला विसरलात, मग मला.

तुमच्या लेकीने रडत विचारलं होतं, "सुरुवात कधी झाली? कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?" मी तिच्यासाठी चहा टाकायला उठले. हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहून टाकते. माझ्या लक्षात आलं होतं, अंकल. तुम्ही विचारलंत तेव्हाच. मी घाबरले.