मळणीचा कातळ

लेह

चिरंजीव वासू,

आशीर्वाद मागाहून देते, आधी माझा राग वाचून घे.

मी बरी आहे. इस्पितळातलं काम रोजचंच, लोकरीचे मोजे मिळाले. आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर म्हणालास, "आक्का, त्यो नुसता कातळ हाय. त्याच्यावर काय पिकतंय? खाणवाल्याला दिऊन टाकू." मग दरवर्षी भात कुठे झोडतोस? स्वतःच्या डोक्यावर?

इथे खिडकीतून ग्रॅनाइटचे डोंगर दिसतात. जमिनीच्या पोटात वितळलेला दगड फार सावकाश थिजला, म्हणून त्यात एवढे टपोरे कण. मग आपली भूमी उत्तरेच्या भूमीला धडकली आणि तो वर रेटला गेला. अजून रेटला जातोय. याला कोट्यवधी वर्षं लागली. आपल्या गुंद गावचा कातळ तर याहून कितीतरी जुना, आणि तू तो एका दुपारी सुरुंगाने उडवणार? आईला तरी विचारलंस? ती अजून त्याच्यावरच भात वाळवते.

विक्रीच्या कागदावर माझी सही मिळणार नाही.

सुगीला येते आहे. कातळ जागेवर असेल, तरच मला न्यायला रामनगरच्या स्टँडवर ये.

रुक्माला जप, तू बाप होणार आहेस; आता तिने ओझी उचलू नयेत.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच
आक्का