फोटोत सून का नाही

नेपाळात धरानच्या घरी आईंना, इंग्लंडहून सुनेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. छावणीतलं घर उबदार आहे. नाम्सा शाळेत रमली, मात्र तुम्ही पाला आंबवून, वाळवून दिलेल्या गुंद्रुकची भाजी दिसली की आता नाक मुरडते. तुमचा गुडघा कसा आहे? उगाच जिना चढू नका.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "फोटोत भिंतीवर तुझे सासरे आहेत, खाली पोरगा आहे, नात आहे. सून कुठं दडली?" मी हसण्यावारी नेलं. आई, मी सोफ्यामागे दडले होते, बाबांची तसबीर दोन्ही हातांनी भिंतीला धरून.

इथल्या सरकारी घरात विचारल्याशिवाय खिळा मारता येत नाही. अर्ज केला तर परवानगी मिळते. पण तुमचे चिरंजीव म्हणतात, "आल्या आल्या मागण्या नकोत. साहेब काय म्हणतील?" मी म्हटलं, "एवढे शूर शिपाई, आणि एका खिळ्याला भिता?" ते बूट घासायला बसले. मग मीही अर्जाचा विषय सोडला. तीन महिने झाले, बाबा कपाटात रजयांखाली आहेत.

निघताना तुम्ही तसबीर पदराने पुसून माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "पाठीवर वाळूची टोपली घेऊन डोंगर चढले, तरी गोरखा भरतीवाल्यांनी ह्यांना तीनदा नापास केलं. आता तरी गोऱ्यांच्या पलटणीत राहू देत."

आई, चौथ्यांदा त्यांना नापास केलं ते आम्ही.

तुमची, फोटोत नसलेली सून,
इंद्रकला