नवरदेवाच्या आयाळीचे केस

तीर्थस्वरूप दादांना, तबेल्यातून धाकट्याचा दंडवत.

आम्ही दोघं खुशाल. तुमची पाठ, आईचे गुडघे आणि वहिनींचं मन कसं आहे ते कळवा. (पहिल्या दोहोंबद्दल तुम्ही भरभरून लिहिता, तिसऱ्याबद्दल अक्षर नाही.) मूल होत नाही म्हणून वहिनींना या महिन्यात कायमचं माहेरी सोडायचं आणि तुमच्यासाठी दुसरी बघायची, हे आईच्या फोनवरून कळलं. त्यावर मी लहान तोंडी मोठा घास कशाला घेऊ? आपला तबेल्यातलाच मजकूर लिहितो.

मालकांनी पैदाशीसाठी घोडा आणला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आम्ही त्याला नवरदेव म्हणतो. काय त्याचं रूप! मान इतकी ताठ, की खरारा करताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. (लग्नाच्या फोटोत तुम्ही हुबेहूब असेच दिसता.) त्याच्याकडे एकामागून एक घोड्या नेल्या, एकही गाभण राहिली नाही. मालकांनी निदान केलं, घोड्या वांझ. आमच्याकडे रिकाम्या राहिलेल्या घोडीच्या दारावर खडूने फुली मारतात आणि तिला विकून टाकतात. फुली मारायचं काम माझं. (नवरदेवाच्या दारावर फुलीला जागाच नाही, तिथे पितळी पाटी आहे.) त्याला मात्र दूध, अंडी, बदाम. ते खाऊन तो आणखी देखणा झाला, बाकी शून्य. माझी हाक ऐकून खिंकाळणारी एक पांढरी घोडी होती. तिच्या दारावर फुली मारताना मला रडू फुटलं. मालकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, खडू डोळ्यांत गेला.

शेवटी विकायला घोड्याच उरल्या नाहीत, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी नवरदेवाचं बीज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. भरपूर आणि चपळ! मालकांची छाती फुगली. मग बाईंनी आयाळीचे केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत पाठवले, आणि छाती उतरली. दोष जन्मजात निघाला, एक वाटा आईकडून, एक बापाकडून. (ती दोघं धडधाकट. एकेकाच्या अंगात त्याचा एकच वाटा निमूट बसून होता.) बीज धावत घोडीच्या बीजाच्या दारापर्यंत पोचतं, पण त्याला आत शिरता येत नाही. यात नवरदेवाचा गुन्हा नाही, आणि घोड्यांचा तर मुळीच नाही. मालक बाईंवरच उखडले, "एवढा देखणा घोडा, आणि दोष त्याच्यात?" बाई म्हणाल्या, "देखणेपणाचं खातं वेगळं असतं, साहेब."

दाणावैरणीची वेळ झाली, आवरतो. आईला नमस्कार, वहिनींना जरा जास्त.

तुमचा,
धाकटा

ता. क. पांढरी घोडी नव्या मालकाकडे पहिल्याच हंगामात गाभण राहिली. आमचे मालक तिला परत मागायला गेले होते. त्यांना फाटकातूनच वाटेला लावलं.

पुन्हा ता. क. बाईंनी नवरदेवाचा सख्खा भाऊही तपासायला लावला. त्याच्यातही तोच दोष निघाला. हे ऐकून आमच्या हिने मला माणसांच्या डॉक्टरकडे पिटाळलं. दादा, मला मूल होणार नाही. माझ्यातही दोष आहे, घोड्याचा नव्हे, पण तसाच जन्मापासूनचा, आणि सख्ख्या भावाने तपासून घ्यावं असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. आपले आईबाप एकच आहेत. आधी तपासून या, मग वहिनींची बॅग भरायची की नाही ते ठरवा. हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलंय, आणि आज खडू जवळपास नाही.

शेवटचं. हे पत्र वहिनींपासून लपवायची तसदी घेऊ नका. त्यांना मी वेगळं कालच पाठवलं आहे.